भूत वाड्यातच का राहते?

मारामारीचा एक, हसवणारा एक आणि भुताचा एक. पिक्चर पाहण्याची आपल्या वस्तीची ही जुनी वाटणी. ऐंशी-नव्वदच्या काळात खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूरकडच्या खेड्यांत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. सोबत तीन कॅसेटी. पहिली मारामारीची लागे, कारण तेव्हा सगळे जागे असत. दुसरी विनोदी, तोवर बायाही भांडीकुंडी आटोपून येऊन बसत. तिसरी भुताची. ती लागेपर्यंत निम्मी पोरे पोत्यावरच झोपी गेलेली असत आणि उरलेली निम्मी एकट्याने अंधारात जायला तयार नसत.

व्हीसीआर गेला. कित्येक टाकीजही बंद पडल्या. पिक्चर आता हातातल्या मोबाईलवर आला. पण वाटणी तीच राहिली. पोरांना विचारा, कोणता पिक्चर पाहायचा? उत्तर ठरलेले : मारामारीचा, कॉमेडी, नाहीतर भुताचा.

अलीकडे घरच्यांसोबत आणि शेजारच्या पोरासोरांसोबत या तिन्ही तऱ्हांचे बरेच पिक्चर पाहिले. काही नवे होते, काही जुनेच पुन्हा पाहिले. त्यावर आज थोडे बोलू. कॅमेरा कसा फिरवला, गाणी कशी बसवली, हे सांगणारे जाणकार दुसरे आहेत. आपल्याला तीनच साधे प्रश्न पडतात. मार कोण खातो? हसू कोणाचे होते? आणि घाबरायचे कोणाला?

आधी मारामारी

आपल्या माणसाला मारामारीचा पिक्चर आवडतो, यात लाजण्यासारखे काही नाही. दिवसभर मुकादमाचे, साहेबाचे, सावकाराचे ऐकून घेणाऱ्याला रात्री पडद्यावर एका ठोशात दहा गुंड उडालेले पाहून बरे वाटते. दिवसा जे जमत नाही ते रात्री कोणीतरी आपल्या वतीने करून टाकतो. 'घायल' (१९९०) मधल्या सनी देओलला शिट्ट्या मिळाल्या त्या काही त्याच्या नाचाला नव्हत्या. आता ती जागा दक्षिणेकडच्या हिंदी डब पिक्चरांनी घेतली आहे. घरोघरी दुपारभर ते चालू असतात. मोटार उडते, माणूस उडतो, भिंत फुटते. नायकाचा भांग तेवढा जागेवर असतो.

शाहरुख खानचा 'जवान' (२०२३) आमच्याकडे पुन्हा लावला. पिक्चर भडक आहे, लांबही आहे. नायक बाप आणि लेक दोन्ही, त्यामुळे मारामारीही दुप्पट. पण त्यात ट्रॅक्टरच्या कर्जापायी बँकवाल्यांकडून अपमान झालेला शेतकरी फास लावून घेतो, तो भाग आला तेव्हा घरात कोणी बोलेना. मोठ्या माणसाला मर्सिडीज गाडीसाठी आठ टक्क्यांनी कर्ज आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी तेरा टक्क्यांनी, हा हिशेब नायक भर पडद्यावर मांडतो. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ या पाच जिल्ह्यांतल्या माणसाला हा हिशेब कोणी समजावून द्यावा लागत नाही. शेवटी नायक लोकांना सांगतो, मत मागायला येणाऱ्याला आधी प्रश्न विचारा. करोडोंच्या पिक्चरमध्ये एवढे जरी कोणी बोलले तरी आपण त्याला पास करून टाकू.

आता दुसरी बाजू. 'सिंघम' (२०११) आणि त्याच्या मागून आलेले पोलीस नायकांचे पिक्चर. वर्दीतला नायक पट्टा काढतो, गुंडांना रस्त्यावर झोडतो, शेवटी पोलीसच मिळून खलनायकाचा निकाल लावतात. कोर्टाची पायरी नाही, वकील नाही, साक्ष नाही. टाळ्या मात्र कडकडून. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये एका भाषणात याच पिक्चरचे नाव घेऊन बजावले होते की, कायद्याची वाट लांबची म्हणून ती सोडून दिलेला 'झटपट न्याय' दाखवणे घातक आहे.

न्यायमूर्तींनी सांगितले ते कायद्याच्या बाजूने. आपण आपल्या बाजूने पाहू. पोलिसाने हात उचलला की तो पहिल्यांदा कोणाच्या पाठीवर पडतो? बंगल्यातल्या पोरांच्या पाठीवर पडलेला कोणी पाहिला आहे काय? शेजारच्या मराठवाड्यात, परभणीला, १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला २०२५ मध्ये द्यावा लागला. तेव्हा पोरांनो, पडद्यावरचा पोलीस पट्टा काढतो त्या वेळी शिट्टी मारण्याआधी क्षणभर थांबा. समोरचा माणूस गुन्हेगार आहे हे पिक्चरवाल्याने आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. खऱ्या ठाण्यात ते सांगणारा कोणी नसतो. म्हणून तर बाबासाहेबांनी संविधान लिहून ठेवले.

याच विषयावरचा उतारा म्हणजे 'जय भीम' (२०२१). मारामारीचा म्हणून लावाल तर फसाल. यात मार आहे, पण तो पाहवत नाही. चोरीच्या खोट्या आळात धरलेला गरीब आदिवासी नवरा, त्याला शोधणारी गरोदर बायको आणि तिच्या बाजूने उभा राहणारा वकील. गोष्ट खरी आहे. तमिळनाडूत १९९३ साली घडलेल्या प्रकरणावर ती बेतलेली आहे आणि लढणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या पिक्चरमधला नायक एकही गुंड उडवत नाही. तो कागद वाचतो, उलटतपासणी घेतो, अर्ज करतो. तरी शेवटी छाती भरून येते. शेवटच्या प्रसंगात वकिलासमोर खुर्चीवर त्याच्याचसारखी पायावर पाय टाकून, हातात पेपर घेऊन बसलेली ती लहान पोरगी पाहा. आमच्याकडची एक आजी म्हणाली, "अशी बसली पायजे आपली पोरगी." यापेक्षा मोठी समीक्षा कोणी करून दाखवावी.

आणि ज्यांना ठोसेही पाहिजेत आणि विचारही पाहिजे त्यांनी रजनीकांतचा 'काला' (२०१८) बघावा. दिग्दर्शक पा. रंजित. धारावीची वस्ती बिल्डरला गिळायची आहे, आणि त्या कंपनीचे नाव काय, तर 'मनू'. वस्तीला घाण म्हणणारा, पांढरे शुभ्र कपडे घालणारा पुढारी नाना पाटेकरांनी असा उभा केला आहे की त्याचा गोड आवाज ऐकून अंगावर काटा येतो. रजनीकांत काळ्या कपड्यात. काळा रंग हा मेहनतीचा रंग, हे तो ताठ मानेने सांगतो. त्याच्या जीपगाडीचा नंबर नीट वाचा : एमएच ०१ बीआर १९५६. आपल्या घरात हा नंबर कोणी समजावून सांगावा लागत नाही. शेवटी काळा, लाल आणि निळा असे रंग उधळतात तेव्हा आमच्याकडे पोरे उठून उभी राहिली.

मग हसणे

विनोदी पिक्चरचे परीक्षण सोपे आहे. हसू आले की पास. पण हसून झाल्यावर एकदा मागे वळून पाहावे, की आपण कशाला हसलो?

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आजही लागला की घरातले कोणी उठत नाही. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे. 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी पिक्चरवरून तो घेतला आहे, पण आता मूळ पिक्चर कोणाला आठवत नाही आणि बनवाबनवी लहान पोरांनाही पाठ आहे. गोष्ट काय? चार तरुण पुण्यात खोली शोधतात. घरमालकीण म्हणते, नवराबायको असाल तरच जागा. मग दोघे लुगडी नेसतात आणि पुढे सगळा गोंधळ.

हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली. त्या चौघांना खोली मिळत नाही, कारण ते बिनलग्नाचे आहेत. आपला पोरगा शिकायला, नोकरीला पुण्याला जातो तेव्हा घरमालक त्याचे नाव विचारून थांबत नाही, आडनाव विचारतो. आडनावावरून पत्ता लागला नाही तर गाव विचारतो, गावातली आळी विचारतो, मग "खाण्यापिण्याचं काय?" असे हळूच विचारतो. शेवटी "जागा कालच गेली हो." किती पोरांनी या एका प्रश्नापायी अर्धे आडनाव सांगितले असेल! लुगडे नेसण्यापेक्षा हे सोंग अवघड. लुगडे रात्री सोडून ठेवता येते. या बनवाबनवीवर कोणी पिक्चर काढला तर तो विनोदी होईल की रडवेल, सांगता येत नाही. पण आपल्यातल्या कोणीतरी तो काढावा.

जुन्या विनोदी पिक्चरांत आणि आजच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमांत काही ठरलेली गिऱ्हाइके आहेत. काळी पोरगी आली की हशा. जाड बाई आली की हशा. अडखळत बोलणारा आला की हशा. हिंदी पिक्चरमध्ये मोलकरीण दाखवायची असली की नऊवारी नेसवायची, तोंडात मोडकी हिंदी घालायची आणि हसायचे. मुंबई-पुण्याला चार घरची धुणीभांडी करून पोरांना बारावीपर्यंत नेणाऱ्या किती आया आपल्या समाजात आहेत! ज्या हसण्यात आपली मायच विनोद होते, त्या हसण्याला आपण तोंड का उघडावे? खेड्यातला गडी दादा कोंडके यांनीही रंगवला. पण 'सोंगाड्या' (१९७१) पासून त्यांचा गडी भोळा दिसायचा आणि शहाण्यांनाच उल्लू बनवायचा. द्विअर्थी बोलणे सोडले, तर त्या हसण्यात गरिबाची फजिती कमी आणि मोठ्यांची जास्त होती.

नव्या विनोदी पिक्चरांत एक रत्न सापडले, ते आवर्जून सांगतो. 'कटहल' (२०२३). कटहल म्हणजे फणस. आमदाराच्या बागेतले दोन फणस चोरीला जातात आणि आख्खे पोलीस खाते कामाला लागते. तपास करणारी इन्स्पेक्टर आहे महिमा बसोर. सान्या मल्होत्राने हे काम केले आहे. ती खालची समजल्या जाणाऱ्या जातीची आहे. तिचा प्रियकर तिच्याच हाताखाली शिपाई आहे आणि तो द्विवेदी. पदाने ती वर, जातीने तो वर. या एका पेचातून किती विनोद निघतात आणि एकही तिच्या अंगावर येत नाही! गंमत पुढे आहे. माळ्याची तरुण पोरगी हरवली आहे, तिच्यासाठी कोणी हलत नाही. मग ही बाई युक्ती करते : फणस त्या पोरीनेच चोरले, असे सांगून टाकते. झाले, पोरीच्या शोधाला सगळे खाते धावते. गरिबाच्या पोरीपेक्षा पुढाऱ्याचा फणस महाग, हे त्या पिक्चरने भाषण न करता सांगितले. २०२३ सालचा उत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सगळ्या घराने बसून पाहण्यासारखा आहे.

नागराज मंजुळेंचा 'झुंड' (२०२२) विनोदी म्हणावा की खेळाचा, ते तुम्ही ठरवा. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे, त्यांची आपल्या विदर्भाची बोली, त्यांचे एकमेकांना टोमणे. आमच्याकडे हसून हसून पोट दुखले. ती पोरे विनोदी आहेत, पण त्यांची कोणी टिंगल केलेली नाही. हा फरक पोरांना दाखवून द्यावा. आणि त्यातच भीमजयंतीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहतात. इतकी वर्षे पिक्चर पाहिले, हे दृश्य यायला २०२२ साल उजाडावे लागले.

आणि शेवटी भूत

आता आपल्या मथळ्याच्या प्रश्नाकडे येऊ. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) घ्या, 'वीराना' (१९८८) घ्या, की अलीकडचे घ्या. भूत कुठे राहते? हवेलीत, वाड्यात, राजाच्या महालात. बारा खोल्या, लांब जिना, करकरणारे दार. गरिबाच्या घरात भूत राहिलेले कोणी पाहिले काय? दोन खोल्यांत सात माणसे, त्यात एक शिलाई मशीन आणि दाराशी सायकल. भुताला पाय पसरायलाच जागा नाही. दार करकरले तर आजी आधी ओरडेल, "कोन हाये रे? चप्पल बाहीर काढ!"

पण याला दुसरेही उत्तर आहे आणि ते पिक्चरवालेच देतात. वाड्यातले भूत का आले? कारण वाड्यातल्या कोणीतरी, केव्हातरी पाप केलेले असते. कोणाची जमीन लुबाडली, कोणाच्या पोरीला नासवले, कोणाला भिंतीत चिणले. म्हणजे भूत हे थकलेले येणे आहे. ते वसूल करायला ते वाड्यावरच जाणार. आपल्याकडे त्याचे काय येणे निघते? उलट, वाड्यांकडे आपलेच येणे बाकी आहे.

'तुंबाड' (२०१८) या दृष्टीने फार वरच्या दर्जाचा आहे. पहिल्यांदा आला तेव्हा बेताचाच चालला, २०२४ मध्ये पुन्हा लावला तर आधीपेक्षा जास्त कमाई केली. कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि हस्तर नावाचा देव, ज्याला सोने मिळाले पण धान्य मिळाले नाही. त्या भुकेल्या हस्तरला पिठाच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याचे सोने लाटणारा माणूस. एकदा नेतो, दोनदा नेतो, मग लेकरालाही शिकवतो. पिक्चर पाहिल्यावर मनात येते की भूत खाली विहिरीत नाही, वर दोर धरून उतरणाऱ्याच्या पोटात आहे. भगवंतांनी त्याचे नाव अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले : तृष्णा. लहान पोरांना मात्र दाखवू नका, भीती खरोखरच वाटते.

'मुंज्या' (२०२४) मध्ये भीती कमी, धमाल जास्त. मुंज झालेला पोरगा काही दिवसांत मरतो आणि मुंज्या होऊन पुढच्या पिढीच्या मानगुटीवर बसतो. पोरांनी पाहिला आणि रात्री एक जण म्हणाला, "मले भेव लागते. आपल्या पिपळावर मुंज्या असंन काय?" त्याला दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर : बाबा रे, मुंज्या व्हायला आधी मुंज व्हावी लागते. आपल्यात मुंज कोणाची झाली? तेव्हा त्या भुताची नेमणूक आपल्या वस्तीत होऊ शकत नाही. पोरगा हसला. दुसरे उत्तर हसण्यावारी नेण्याचे नाही. ज्या पिंपळावर लोक मुंजा बसवतात, त्याच पिंपळाखाली सिद्धार्थ गौतम बुद्ध झाले. आपण त्याला बोधिवृक्ष म्हणतो, विहाराच्या अंगणात लावतो. जिथे जगातला सर्वांत मोठा उजेड पडला, त्या झाडाची भीती आपल्या लेकराने धरावी काय?

'स्त्री' (२०१८) आणि 'स्त्री २' (२०२४) घरात सर्वांना आवडले. चंदेरी गावात रात्री भूत येते आणि पुरुषांना पळवते. म्हणून पुरुष अंधार पडायच्या आत घरी. बायका त्यांना सांगतात, एकटे जाऊ नका. एरवी आपल्या पोरींना रोज जे ऐकावे लागते ते एकदा पुरुषांना ऐकवले, यातच सारी मजा. बायांना जास्त हसू आले, ते उगाच नाही. मराठीतला 'लपाछपी' (२०१७) मात्र हसू देत नाही. गरोदर बाई, चहूकडे उसाचे शेत आणि मारून टाकलेल्या मुलींचा सूड. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे नऊशेही मुली भरल्या नाहीत. ज्या जिल्ह्यात जिजाऊंचे सिंदखेड राजा आहे, त्या जिल्ह्यात! म्हणून म्हणतो, त्या उसातले भूत खोटे आहे, ते ज्या पापातून निघाले ते खरे आहे.

'झपाटलेला' (१९९३) हा तर आपला घरचाच. तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्ये यांनी केलेला तो बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची उडालेली घाबरगुंडी. पोरे अजून त्या बाहुल्याची नक्कल करतात. करू द्या. फक्त एक विचारा : आत्मा एकातून निघून दुसऱ्यात शिरतो, हे खरे काय? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्वच्छ मांडले आहे की आत्म्यावरचा विश्वास म्हणजे धम्म नव्हे. भगवंतांनी आत्मा मानलाच नाही. आत्माच नाही, तर भटकणार कोण? अतृप्त कोण राहणार? पिंड आणि श्राद्ध सोडण्याची प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतली, तेव्हाच भुताचे रेशनकार्ड रद्द झाले.

आणखी एक गोष्ट पोरांना सांगण्याजोगी. वतनदारीच्या काळात गावाची रात्रीची राखण कोणाकडे होती? मयताची खबर गावोगाव पायी नेणारे कोण? स्मशानात लाकडे वाहणारे कोण? आपलेच आजे-पणजे. अमावास्या असो की पाऊस, त्यांना कोणी सुट्टी देत नव्हते. भूत असते तर सगळ्यांत आधी त्यांनाच दिसले असते. त्यांना अंधारात भूत दिसले नाही. दिवसाढवळ्या त्यांची सावलीसुद्धा टाळणारी माणसे मात्र दिसली. 

पिक्चर संपतो, भीती उरते

इतका वेळ गमतीने बोललो. आता जरा थांबून ऐका, कारण भुताचा पिक्चर तीन तासांत संपतो आणि काही घरांत भूत वर्षानुवर्षे राहते.

प्रत्येक भुताच्या पिक्चरमध्ये एक प्रसंग असतो. बाई घुमते, केस मोकळे, आवाज बदललेला. डॉक्टर येतो, नाडी पाहतो आणि मान हलवून म्हणतो, हे माझ्या हाताबाहेरचे आहे. मग मांत्रिक येतो आणि त्याचेच खरे ठरते. हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या पाहून आपल्या मनात बसला आहे. घरात पोरगी एकटीच बोलू लागली, सून बाळंतपणानंतर गप्प झाली, पोरगा रात्र रात्र जागू लागला, की पहिला शब्द निघतो : "बाहेरचं हाये." आणि दवाखान्याच्या आधी भगताचे दार.

आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी आहे. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, कुठून कुठून माणसे येतात. भूतबाधा झाली म्हणून मनाने आजारी असलेल्या कितीतरी माणसांना नातेवाईक तिथे घेऊन येतात. कोणाच्या श्रद्धेला दुखवण्याचे आपल्याला कारण नाही. तिथे येणारी माणसे आपल्यासारखीच गरीब, दमलेली, सगळे उपाय करून थकलेली असतात. त्यांच्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात, आणि खोटे कशाला बोला, निळा झेंडा लावलेल्या घरांतलेही असतात. पण आजार तो आजार. तापाला गोळी लागते तशी मनाच्या आजारालाही गोळी लागते. ती मिळायला उशीर होतो तेवढा आजार वाढतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्राने उतरवत बसणे, हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पडद्यावर जो मांत्रिक झाडूने मारून भूत उतरवतो, तो खऱ्या गावात असता तर आत गेला असता, एवढे पोरांना सांगा.

आणि हा नंबर भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला लिहून ठेवा : १४४१६. 'टेलिमानस' ही सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे. मनाच्या दुखण्यावर तिथे फोनवर सल्ला मिळतो. सरकारी जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. तिथे जाण्यात कमीपणा नाही. लोक काय म्हणतील, हे आणखी एक भूत. ते सर्वांत जुने आहे आणि तेच सर्वांत जास्त माणसे खाते.

घरातल्यांसाठी थोडक्यात

सगळ्यांनी मिळून पाहावे असे : 'कटहल', 'झुंड', 'बनवाबनवी', 'झपाटलेला'. शाळेच्या वरच्या वर्गातल्या पोरापोरींनी आईबापासोबत पाहावे असे : 'काला', 'जवान', 'स्त्री', 'मुंज्या'. फक्त मोठ्यांनी : 'तुंबाड', 'लपाछपी'. 'जय भीम' मोठ्यांनी आधी पाहावा, त्यातली मारहाण फार कठीण आहे. मग समज आलेल्या पोरांना जवळ बसवून दाखवावा. पिक्चरच्या सुरुवातीला वयाचा शिक्का असतो. २०२४ पासून 'यूए' मध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या केल्या आहेत. तो शिक्का पाहत जा. मोबाईलवर तुकड्या-तुकड्याने येणाऱ्या भुताच्या चित्रफितींवर मात्र असा कोणताही शिक्का नसतो. तिथे शिक्का आपणच व्हायचे.

आणि पिक्चर संपला की लगेच दिवा घालवून झोपू नका. दहा मिनिटे बसा. पोरांना विचारा : मार कोणी खाल्ला? हसू कोणाचे झाले? भीती कशाची वाटली? पोरे सांगतात, फार चांगले सांगतात. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर पोरांकडून एकेका पिक्चरवर दोन-दोन मिनिटे बोलवून घेतले, तर भाषणाचा सरावही होईल आणि डोळेही उघडे राहतील. करमणूक आपल्या हक्काची आहे. दिवसभर राबणाऱ्याने रात्री हसावे, शिट्टी मारावी, थोडे घाबरावेही. फक्त उजाडल्यावर ती भीती अंथरुणाबरोबर गुंडाळून ठेवावी.

तुमच्या घरात अलीकडे कोणता पिक्चर गाजला, कोणत्या प्रसंगाला आजी काय म्हणाली, पोराने काय विचारले, ते चिठ्ठीत कळवा. चांगल्या चिठ्ठ्यांना या पानावर जागा देऊ.

जयभीम!